फोटो बघणार कोण? : छायाचित्रणाच्या अभ्यासमंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
डिजिटल छायाचित्रणाचे ऑनलाइन अभ्यासक्रम आखणारी राज्यातील अभ्यासमंडळे



तालुक्याच्या गावात, एस.टी. स्टँडसमोर माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो आणि निवडणूक लागली की उमेदवारांचे हात जोडलेले फोटो, हा आमचा धंदा. रोल धुण्याच्या काळात यात पडलो आणि करिझ्मा अल्बमच्या काळातही टिकून आहे. आपला-माझा थेट संबंध काही नाही. पण अलीकडे तुमच्या अभ्यासक्रमांची मुलं माझ्या काउंटरवर यायला लागली आहेत, सत्र संपत आलं की त्यांची गर्दीच होते, म्हणून हे पत्र.

ही मुलं येतात कशाला, ते आधी सांगतो. “काका, अर्धा तास कॅमेरा मिळेल का? बॅकग्राउंड ब्लर असलेला एक फोटो अपलोड करायचाय.” कोणी बी.ए.ला असतं, कोणी बी.कॉम.ला. नव्या शैक्षणिक धोरणानंतर कौशल्याचा म्हणून दोन क्रेडिटचा विषय घ्यावा लागतो, त्यात ‘डिजिटल फोटोग्राफी’ घेतलेली असते. कोणी नोकरी सांभाळून एखाद्या कॉलेजचं ऑनलाइन सर्टिफिकेट करत असतं. शिकवणं ऑनलाइन, परीक्षा ऑनलाइन, निकालही ऑनलाइन. कॅमेरा कोणाकडेच नसतो. खिशात फोन असतो, तोही कधी कधी आईचा.

ऑनलाइन शिकण्याला नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. लग्नाचा सीझन संपला की पावसाळ्यात आम्हाला वेळच वेळ. अशाच एका पावसाळ्यात मी मार्क लेव्हॉय यांची व्याख्यानं यूट्यूबवर ओळीने पाहून काढली. हे स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणकशास्त्राचे प्राध्यापक होते. तिथे ते डिजिटल फोटोग्राफीचा कोर्स शिकवायचे. २०१६ मध्ये तोच कोर्स त्यांनी गूगलमध्ये शिकवला आणि सगळी व्याख्यानं लोकांसाठी फुकट खुली केली. गूगलच्या पिक्सेल फोनमधलं अंधारात फोटो काढायचं तंत्र ज्या गटाने घडवलं, त्याचे प्रमुख हेच गृहस्थ. म्हणजे फोनच्या पोटात काय चालतं, ते बनवणाऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळतं.

माझे उस्ताद मला एवढंच सांगायचे : “ऊन असेल तर सोळा-सव्वाशे, आभाळ आलं तर आठ-साठ.” पहिला आकडा अॅपर्चरचा, दुसरा शटरचा; शंभर एएसएचा रोल घातला की हे गणित बरोबर यायचं. का येतं, हे विचारायची सोय नव्हती. विचारलं तर लेन्स पुसायला बसवायचे. एफ २.८ नंतर ४, मग ५.६, मग ८, हे आकडे असे वेडेवाकडे का चढतात, हे मला लेव्हॉयसाहेबांनी सांगितलं. भिंगातून आत येणारा उजेड दर पायरीला निम्मा करायचा, तर छिद्राचं क्षेत्रफळ निम्मं व्हायला हवं. त्यासाठी व्यास दोनाच्या वर्गमुळाने कमी करावा लागतो, आणि तेच आकडे रिंगवर छापलेले असतात. सेन्सरवरच्या प्रत्येक ठिपक्याला एकच रंग दिसतो, निम्म्यांना हिरवा, उरलेल्यांत लाल आणि निळा अर्धे-अर्धे, आणि बाकीचे रंग कॅमेरा शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतो, हेही तिथेच कळलं. कळलं नाही तर व्हिडिओ मागे घ्यायचा. असल्या गोष्टी समजावून सांगायला व्हिडिओइतका सोशिक मास्तर नाही, हे मी लेखी द्यायला तयार आहे.

पण त्या व्याख्यानांनी माझा एकही फोटो पाहिला नाही. फुकटचं आहे, कुरकुर कशाला करू? तुम्ही मात्र फी घेता, क्रेडिट देता, गुणपत्रिकेवर शिक्का मारता. म्हणून तुम्हाला विचारतो : तुमच्याकडे मुलांचे फोटो बघतं कोण?

या प्रश्नाला कारणीभूत झाली ती एक मुलगी. ‘नैसर्गिक प्रकाश’ या विषयावर तिला एक फोटो द्यायचा होता. तिने धरणावरचा सूर्यास्त अपलोड केला होता. त्याला दहापैकी आठ गुण आणि खाली शेरा, “गुड, कीप इट अप.” ती माझ्याकडे आली होती ती पुढच्या असाइनमेंटसाठी. मी सहज म्हटलं, त्या दिवशी अजून काय काय काढलंस? तिने गॅलरी उघडली. सूर्यास्ताच्या आधी ओळीने पंधरा-वीस फोटो आजीचे होते. आजी घराच्या दारात चिंचा फोडत बसलेली. पत्र्याचं घर, खिडकी नाही, उजेड काय तो दारातून. पहिले काही फोटो आतून बाहेर बघत काढलेले. दार पांढरंफटक आणि आजीच्या जागी नुसती काळी आकृती. मग मुलगी स्वतःहून सरकत सरकत बाजूला गेलेली दिसते. चौकटी बदलत जातात. शेवटच्या दोन-तीन फोटोंत उजेड आजीच्या एका गालावरून उतरतो, बोटांना चिकटलेल्या चिंचेच्या शिरा सुट्या दिसतात, सुपातले चिंचोके चमकतात. कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीचा एक पाय घुसलाय, तेवढं सोडलं तर फोटो जमलाय.

“हा का नाही टाकलास?”

“आजीचा काय टाकायचा काका?”

तिला मी दोन गोष्टी सांगितल्या. खुर्ची उचलून बाहेर ठेव. आणि आजी दाराजवळच राहू दे, पण तिच्या मागे भिंत लांब असेल अशा बाजूने उभी राहा; दारापासून आत जावं तसा उजेड झपाट्याने उतरतो, मागचा पसारा आपोआप काळोखात जाईल. पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी ती नवा फोटो घेऊन आली तेव्हा मी तो प्रिंट करून दिला, पैसे घेतले नाहीत.

आता यात कोणता धडा तिला व्हिडिओत मिळाला नव्हता? सगळे मिळाले होते. बाजूचा प्रकाश, समोरचा प्रकाश, मागचा प्रकाश, आकृत्यांसकट. पण आपण काढलेल्या वीस फोटोंतला कोणता चांगला आणि का, हे कळायला दुसऱ्याचा डोळा लागतो. तुमच्या पोर्टलवर ‘एक फोटो अपलोड करा’ असं एकच बटण आहे. नवशिक्याला स्वतःचा चांगला फोटो ओळखता येत नाही, म्हणून तर तो शिकायला आलाय. त्याने निवडलेला एकच फोटो मागवला की तो हमखास सूर्यास्त पाठवतो.

रोलच्या काळात आम्ही कॉन्टॅक्ट शीट काढायचो. सगळा रोल एका कागदावर, बारीक बारीक, चुकलेल्या फ्रेमसकट. उस्ताद त्यावर लाल पेन्सिलीने खुणा करायचे. माझी पहिली मागणी हीच आहे : एका फोटोऐवजी सगळी शीट मागवा. मूल कुठून निघालं आणि कुठे पोचलं, ते त्यात दिसतं. हल्ली याला आणखी एक कारण आहे. संगणकाला दोन ओळी लिहून दिल्या की फोटो न काढताच फोटो तयार होतो. एकटा सुंदर फोटो खरा का बनावट, हे ओळखणं दिवसेंदिवस अवघड होत जाणार. लागोपाठच्या क्रमांकांच्या वीस फाइली, त्यात हललेले, डोळे मिटलेले, बोट आलेले फोटो, हे सगळं बनवत बसण्यापेक्षा फोटो काढणं सोपं पडेल.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. तुमचा अभ्यासक्रम डीएसएलआर गृहीत धरून लिहिलाय आणि शिकणाऱ्याच्या हातात फोन आहे. बहुतेक फोनमध्ये अॅपर्चर एकाच मापाचं असतं, ते लहान-मोठं करता येत नाही. तरी असाइनमेंट असते : ‘अॅपर्चर बदलून तीन फोटो काढा.’ मग पोरं पोर्ट्रेट मोड लावतात. तो मोड म्हणजे फोनने केलेला अंदाज. माणूस कुठे संपतो आणि मागचं कुठे सुरू होतं हे तो हिशेबाने ठरवतो आणि मागचं पुसट करतो. नवरदेवाच्या फेट्याचा तुरा घ्या. तुऱ्याच्या कडेचा जरीचा धागा न् धागा लेन्सने टिपला असता, फोन तो निम्मा खाऊन टाकतो. गजऱ्याचं तेच, नथीतल्या मोत्यांमधल्या फटींचं तेच. असला फोटो ‘डेप्थ ऑफ फील्ड’च्या रकान्यात पूर्ण गुण घेऊन जातो. तपासणाऱ्याने मोठा करून पाहिलाच नसणार.

फोन घेऊन शिकवता येत नाही असं मुळीच नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठाचा कोर्सेरावरचा फोटोग्राफीचा कोर्स स्मार्टफोनपासूनच सुरू होतो. फोनला जे जमतं त्यावर अभ्यास द्या. उजेडाची दिशा, चौकट, क्षण, पार्श्वभूमी, रंग, एवढ्यावर एक सत्र सहज निघेल. एक्स्पोजर तर फोनवर फार छान शिकवता येतं. कॅमेऱ्याचं मीटर समोर जे असेल ते मध्यम करडं आहे असं धरून चालतं. वारीत जा. चौकटभर पांढरी धोतरं आणि टोप्या आल्या की कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, तो फोटो दाबतो आणि वारकरी मळकट दिसतात. काळ्या दगडी तटबंदीसमोर उभे राहा, उलटं होतं. सह्याद्रीचा कातळ राखेसारखा फिका येतो. फोनच्या स्क्रीनवर बोट दाबून धरा, बाजूला सूर्याचं चिन्ह येतं, ते वारीत वर सरकवा आणि किल्ल्यावर खाली. आषाढातली एक सकाळ आणि गडावरची एक दुपार, एवढ्यात मुलाच्या डोक्यात ही गोष्ट कायमची बसेल.

रंगाचंही तसंच. हळदीच्या कार्यक्रमात ऑटो व्हाइट बॅलन्स हळदीलाच दोष समजून तो काढायला बघतो. वर लाल-केशरी कापडाचा मांडव असेल तर सगळ्यांचे चेहरे भाजल्यासारखे दिसतात, निळी ताडपत्री असेल तर सगळे आजारी. आमच्याकडची नवी पोरं पहिल्याच लग्नात हे शिकतात, कारण नवरीची आई अल्बम परत करते. तुमच्या अभ्यासक्रमात व्हाइट बॅलन्सच्या धड्याला केल्विनचे आकडे आहेत, मांडव नाही.

परीक्षेबद्दल लिहायला घेतलं तर पत्र लांबेल, थोडक्यात सांगतो. एका मुलाने मला सराव-प्रश्नसंच दाखवला. डग्युरोटाइप कोणत्या साली जाहीर झाला? पर्याय चार. उत्तर १८३९, ते मलाही येतं, पण त्यावाचून माझं एकही लग्न अडलेलं नाही. बाकीचे प्रश्न त्याच जातीचे. ‘स्वयम्’सारख्या सरकारी मंचावर शेवटची परीक्षा केंद्रावर बसून द्यावी लागते, त्यात फोटो काढायला लावणं कठीण, हे मी समजू शकतो. युजीसीच्या २०२१ च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून करायची मुभा दिली, ते अर्थशास्त्राला, इतिहासाला चांगलंच आहे. पण तोच साचा फोटोग्राफीवर बसवला की कॅमेऱ्याला हात न लावता मूल फोटोग्राफीत पास होतं. पोहण्याची परीक्षा काठावर बसून घेण्यातला प्रकार.

आणि जिथे फोटो मागवतात, तिथे ते कसे मागवतात? व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर. साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअॅप तो दाबून लहान करतं आणि शटर, आयएसओ, तारीख-वेळ ही फाइलमधली सगळी नोंद काढून टाकतं. त्या उरलेल्या चोथ्यावर ‘शार्पनेस’चे गुण दिले जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते, एवढं साधं कोणी मुलांना सांगत नाही. काही पोर्टलं तर फाइलचा आकार इतका कमी मागतात, की मुलं आमच्याकडे फोटो ‘छोटा करून द्या’ म्हणून येतात. रेशन कार्डाच्या झेरॉक्सला आणि फोटोग्राफीच्या असाइनमेंटला एकच नियम!

आता तुमची बाजू. तुम्ही म्हणाल, इतके फोटो बघायला माणसं आणायची कुठून? हिशेब करून पाहू. साठ मुलं, प्रत्येकी दहा शीट, शीटमागे दोन मिनिटं. वीस तास होतात. दोन क्रेडिटच्या प्रात्यक्षिक विषयाला तुमच्याच नियमाने साठ तास धरलेले आहेत. म्हणजे एक तृतीयांश वेळ फोटो बघण्यात गेला तरी चाळीस तास उरतात, आणि शिकवण्याचे व्हिडिओ तर एकदा केले की वर्षानुवर्षं चालतात. वेळ आहे. तो कोणाच्या नावावर मांडलेला नाही, इतकंच. ऑनलाइन म्हटलं की मास्तरचे तास कमी धरायचे, ही जी रीत पडली आहे, ती या विषयाला मारक आहे. मुलांनी एकमेकांचे फोटो तपासायचे, अशीही पद्धत काही ऑनलाइन कोर्समध्ये असते. तीही ठेवा, पण दोन नवशिके एकमेकांना “नाइस क्लिक” म्हणून मोकळे होतात, हा अनुभव आहे.

माणसं मात्र आहेत, आणि तुमच्या डोळ्यांसमोर आहेत. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अभ्यासकेंद्रांच्या आधारावर चाललंय. शिकणारा घरी, पुस्तक टपालाने आणि अडलं तर जवळचं केंद्र. फोटोग्राफीला असं केंद्र शोधायला लांब जायला नको. तालुक्याच्या गावात दोन-चार तरी स्टुडिओ असतात. तिथे कॅमेरा असतो, दोन लाइट असतात, पडदा असतो, रंग बऱ्यापैकी खरे दाखवणारा मॉनिटर असतो, आणि ज्याने आयुष्यभर लोकांचे चेहरे पाहिले असा एक माणूस असतो. त्याच्याकडे पदवी नसेल. नसू दे. थिअरी तुमच्या प्राध्यापकांनी शिकवावी, कॉन्टॅक्ट शीट त्याच्यासमोर ठेवावी.

हा काही माझ्या डोक्यातून निघालेला नवा विचार नाही. १८५५ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला होता, म्हणजे आपल्याकडे हा विषय कॉलेजात येऊन दीडशेहून जास्त वर्षं झाली. तिथे शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालवला. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी शिकले आणि गोध्र्याला स्टुडिओ काढून बसले. वर्ग आणि स्टुडिओ यांच्यात तेव्हा येणं-जाणं होतं. मधल्या काळात ती वाट बुजली. कॉलेजवाल्यांना आम्ही ‘पासपोर्टवाले’ झालो आणि आम्हाला ते ‘थिअरीवाले’.

फाळक्यांचं नाव निघालंच आहे तर आणखी एक. सिनेमाची विद्या त्यांनी बरीचशी परदेशातून मागवलेल्या पुस्तकांवरूनच उचलली. त्या काळचं ते दूरशिक्षणच. १९१२ मध्ये लंडनला जाऊन आले आणि परतल्यावर कुंडीत वाटाणा पेरून त्यासमोर कॅमेरा लावून बसले. रोप उगवून वर चढेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने एकेक चित्र घेत गेले. ‘अंकुराची वाढ’ म्हणतात ती हीच फिल्म. घरबसल्या करता येणारी याहून चांगली असाइनमेंट मला सुचत नाही. आज ती साध्या फोनवर होते, खर्च मूठभर वाटाण्याचा. फाळक्यांनी ती भांडवल देणाऱ्यांना दाखवली आणि त्यातून ‘राजा हरिश्चंद्र’चा मार्ग मोकळा व्हायला मदत झाली. तीच फिल्म कोणी न बघता गुण देऊन फाइलबंद केली असती तर काय झालं असतं, याचा विचार मंडळाने करावा.

इतिहासाच्या धड्यात जाता जाता थोडी डागडुजी करता आली तर पाहा. ॲन्सल ॲडम्स आणि कार्तिए-ब्रेसाँ असायलाच हवेत. पण जे.जे.त शिकलेल्या होमाई व्यारावाला, गौतम राजाध्यक्षांचे चेहरे, मुंबईच्या सफाई कामगारांवरचं सुधारक ओलवे यांचं काम, हे आमच्या तालुक्यातल्या मुलाला पाहायला मिळालं तर आजीचा फोटो ‘काय टाकायचा’ असं ते म्हणणार नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर सोमवारी आमच्या गावची बाजारपेठ बंद असते. त्या दिवशी स्टुडिओ तुमच्या मुलांना द्यायला मी तयार आहे. लाइट, स्टँड, एक जुना पण चालू कॅमेरा वापरू दे; लेन्सवर बोट लावलं तर ओरडेन. शेजारच्या तालुक्यातल्या दोघांशी बोललोय, तेही तयार आहेत. जिल्ह्याच्या फोटोग्राफर संघटनेकडे विचारलंत तर आणखी नावं मिळतील. लेखी करार करा, तपासणीचा नमुना छापून द्या, मानधन ठरवा. तो आकडा आठ पासपोर्ट फोटोंच्या दरापेक्षा बरा असावा, एवढीच अपेक्षा.

कळावे,

आपला,
एक स्टुडिओवाला

ता. क. : प्रात्यक्षिकाच्या तारखा ठरवताना पंचांग जवळ ठेवा. तुमची सत्रं संपतात नोव्हेंबरात आणि एप्रिल-मेमध्ये. तुळशीचं लग्न लागलं की आमचे मुहूर्त सुरू होतात आणि मे महिन्यात तर एका दिवशी दोन-दोन लग्नं असतात. त्या दिवसांत परीक्षक म्हणून एकही स्टुडिओवाला तुम्हाला सापडणार नाही. ऑगस्ट-सप्टेंबर मात्र सगळे मोकळे असतात; फक्त गणपतीचे दहा दिवस सोडा.